जुना शॉक, नवा स्वार

मोटारसायकल धांवते ती एंजिनाच्या जोरावर. पण ती रस्ता धरून राहते ती तळहाताएवढ्या दोन ठशांच्या जोरावर. ज्या दोन जागीं टायर जमिनीला टेकतात, तेवढाच काय तो यंत्राचा आणि पृथ्वीचा संबंध. त्यांतला मागचा ठसा क्षणभर जरी सुटला, तरी त्या क्षणापुरतें एंजिनाचें बळ आणि स्वाराचें कौशल्य हीं दोन्हीं व्यर्थ होतात. खड्डा, उंचवटा, घाटांतलें खचलेलें वळण, यांवरून जातांना मागचें चाक जमिनीला बिलगून ठेवण्याचें काम ज्याच्याकडे असतें, तो भाग म्हणजे मागचा शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजच्या बोलींत त्याचा 'शॉकअप' झाला आहे. येथें नुसतें 'शॉक' म्हणणें सोयीचें.

या भागाचा प्रश्न आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत येऊन पोंचला आहे. ज्या घरांतून सुटीच्या दिवशीं पहाटे मुलगा किंवा मुलगी हेल्मेट चढवून लोणावळ्याच्या अथवा माळशेजच्या वाटेला लागते, त्या घरांत एके दिवशीं कागदांत गुंडाळलेला, पिवळ्या स्प्रिंगचा एक जुना शॉक येतो. नांव मोठें, किंमत नव्यापेक्षां पुष्कळ कमी, आणि विकणाऱ्याचें आश्वासन असें कीं, 'बसवला कीं झालें.' याच तीन शब्दांत सगळा धोका सांठलेला आहे. चांगला शॉक हा मापानें शिवलेल्या अंगरख्यासारखा असतो. तो ज्याच्यासाठीं शिवला त्याचें वजन, त्याची गाडी आणि त्याचा रस्ता यांचें माप त्यांत उतरलेलें असतें. नव्या मालकानें तो अंगावर चढविण्यापूर्वीं आपलें माप घेणें अवश्य आहे.

मुळांत कारखान्यानें दिलेला शॉक सोडून दुसरा शोधण्याची गरज कां पडते, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्याजवळच्या चाकण येथें बजाज ऑटोच्या कारखान्यांत तयार झालेली केटीएम आरसी ३९० ही स्पोर्ट मोटारसायकल २०१४ सालीं भारतांत विक्रीस आली. पहिल्या पिढीच्या त्या गाडींत मागच्या स्प्रिंगवरील आरंभींचा ताण तेवढा बदलतां येई. तेलाचा आवर कारखान्यानें ठरवून दिलेला असे. कारखान्याचाहि यांत दोष नाहीं. पंचावन्न किलोचा विद्यार्थी आणि पंच्याण्णव किलोचा गृहस्थ या दोघांनाहि एकच गाडी विकावयाची, तीहि परवडेल अशा किमतींत. तेव्हां सरासरी माणूस धरूनच शॉक घडवावा लागतो. सरासरीपासून दूर असलेला स्वार, अथवा गाडी जरा वेगानें आणि नेमकेपणानें चालवूं इच्छिणारा स्वार, मग निराळा शॉक शोधूं लागतो. असे शॉक करणाऱ्यांत स्वीडनमध्यें केंट ओहलिन यांनीं १९७६ सालीं काढलेली ओहलिन्स आणि नेदरलँड्समध्यें १९७७ सालीं निघालेली डब्ल्यूपी हीं नांवें प्रसिद्ध आहेत.

शॉकच्या पोटांत दोन स्वतंत्र कामकरी असतात, आणि त्यांचीं कामें एकमेकांत मिसळल्यामुळेंच पुष्कळ घोटाळे होतात. पहिली स्प्रिंग. ती भार झेलते. दाबली गेली म्हणजे शक्ति सांठविते आणि सुटली म्हणजे ती सगळी परत देते. एकटी स्प्रिंग असती तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी चेंडूसारखी उसळत राहिली असती. दुसरा कामकरी डँपर. तेलानें भरलेल्या नळींत दांड्याच्या टोकाला एक पिस्टन असतो. त्याला भोकें असतात आणि त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या बसविलेल्या असतात. दांडा आंतबाहेर होऊं लागला कीं तेलाला त्या चकत्या वांकवून वाट काढावी लागते, आणि उसळीची शक्ति उष्णतेंत जिरते. वाईट रस्त्यावरून आल्यावर शॉक तापलेला लागतो तो यामुळेंच. तापलेल्या तेलाला फेस आला तर त्याचा आवर सुटतो. म्हणून तेलाच्या मागें निराळ्या कप्प्यांत नायट्रोजन वायु सामान्यतः वातावरणाच्या सुमारें दहापट दाबानें भरून ठेवतात.

एके काळीं मोटारसायकलला मागें दोन बाजूंना दोन शॉक असत. बेल्जियमच्या ल्युसियन टिलकेन्स यांची एकाच शॉकची कल्पना जपानच्या यामाहा कंपनीनें उचलली, आणि १९७३ सालीं त्या रचनेच्या गाडीवर स्वीडनच्या हॉकन अँडरसन यांनीं २५० सीसी मोटोक्रॉसचें जगज्जेतेपद मिळविलें. पुढें ही रचना रस्त्यावरच्या गाड्यांतहि रूढ झाली. दोघांचें ओझें एकावर आल्यामुळें त्या एकाची तब्येत सांभाळणें अर्थातच अधिक महत्त्वाचें झालें.

तेव्हां जुना शॉक हातीं आला कीं पहिलें काम परीक्षेचें. दांडा स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवावें. ओरखडा किंवा गंजाचा खड्डा नखाला लागला, तर तो सील फाडणार हें निश्चित. दांड्याभोंवतीं तेलाचा ओला थर दिसला, तर सील आधींच गेलें आहे. दोन्ही टोकांच्या डोळ्यांतील बेअरिंग हातानें हालवून त्यांत खेळ आहे का तें पाहावें. दांड्यावरचें बंप रबर जुनें झालें म्हणजे बिस्किटासारखें चुरतें. शॉक पूर्ण दबल्यावर धातूवर धातु आदळूं नये म्हणून तें असतें, तेव्हां तें धड हवें. स्प्रिंग उतरविल्यावर दांडा जोर लावून आंत दाबावा. जातांना तो कोठेंहि मोकळा पडतां कामा नये, आणि सोडतांच एकसारख्या गतीनें बाहेर आला पाहिजे. मध्येंच पोकळी लागली, तर तेल कमी झालें आहे किंवा वायु तेलांत मिसळला आहे.

मात्र परीक्षा आणि दुरुस्ती यांत अंतर आहे. वायूचा कप्पा घरीं उघडणें, किंवा दाबलेली स्प्रिंग योग्य साधनाशिवाय सोडविणें, हें जिवावर बेतणारें काम आहे. शॉकचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर तो जाणत्या कारागिराकडे देऊन तेल, सील आणि नायट्रोजन नवे करून घेणें हाच शहाणपणाचा मार्ग. हा खर्च खरेदीच्या वेळींच किमतींत धरावा. म्हणजे स्वस्ताई खरी किती, हें आधींच कळतें.

दुसरें काम बसविण्याचें. शॉकची लांबी एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतात. मूळ शॉकपेक्षां ती थोडी जरी अधिक असली तरी गाडीची मागची बाजू त्याच्या दुपटी-अडीचपटीनें वर उचलली जाते. मागची बाजू उचलली म्हणजे पुढचा फोर्क अधिक उभा होतो. गाडी वळणांत चटकन् शिरते, पण सरळ रस्त्यावरची तिची स्थिरता कमी होते. बाजूचा स्टँड आंखूड पडतो, साखळीचा ताण बदलतो. म्हणून लांबी जुळत नसेल, तर नांवाच्या मोहानें तो शॉक बसवूं नये. लांबी जुळली, तरी स्प्रिंग उतरवून नुसता शॉक गाडीला लावावा आणि मागचें चाक हातानें वरपासून खालपर्यंत हालवून पाहावें. टायर शेपटीखालीं घासत नाहीं, वायूची डबी अथवा तिची नळी कोठें चेमटत नाहीं, याची खात्री अशा वेळींच होते. शेवटीं बोल्ट गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आवळावेत. अंदाजानें आवळूं नयेत.

आतां मुख्य काम, म्हणजे स्प्रिंगचें. शॉकवर आट्यांच्या दोन कड्या असतात. त्या फिरवून स्प्रिंग आधींच थोडी दाबून ठेवतां येते. याला प्रीलोड म्हणतात. 'कडी आवळली कीं स्प्रिंग कडक होते,' असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि व्यासावर ठरलेला असतो. १०० न्यूटन प्रति मिलिमीटर असा अंक तिच्यावर असेल, तर कडी कोठेंहि असली तरी पुढचा एक मिलिमीटर दाबावयास १०० न्यूटनच जोर लागेल. कडीनें बदलते ती गाडीची उभी राहण्याची उंची, दुसरें कांहीं नाहीं.

ही उंची मोजण्याला सॅग मोजणें म्हणतात. सॅग म्हणजे भाराखालीं गाडीचें बसणें. त्यासाठीं एक टेप, एक वही आणि दोन मदतनीस पुरेसे होतात. मागच्या आंसापासून सरळ वर शेपटीवर एक खूण करावी आणि तीन मापें घ्यावींत. पहिलें माप चाक पूर्ण लोंबतें ठेवून. येथें एक चूक हमखास होते: स्विंगआर्मखालीं लावलेल्या स्टँडवर गाडी उभी केली म्हणजे चाक अधांतरीं दिसतें, पण गाडीचा भार स्प्रिंगवरच असतो. मदतनीसांनीं शेपटीकडून गाडी उचलून धरली, तरच माप खरें येतें. दुसरें माप गाडी स्वतःच्या चाकांवर एकटी उभी असतांना. तिसरें माप स्वार हेल्मेट, जाकीट, बूट यांसह चालविण्याच्या पवित्र्यांत बसल्यावर. सीलच्या घर्षणामुळें गाडी दरवेळीं थोड्या निराळ्या उंचीवर थांबते. म्हणून ती एकदां दाबून हळूच वर येऊं द्यावी, एकदां उचलून हळूच खालीं बसूं द्यावी, आणि दोन्ही मापांची सरासरी धरावी.

समजा, चाक लोंबतें असतां अंतर ५६० मिलिमीटर भरलें, गाडी एकटी असतां ५५१, आणि स्वार बसल्यावर एकदां ५२१ व एकदां ५२७, म्हणजे सरासरी ५२४. गाडी स्वतःच्या वजनानें ९ मिलिमीटर बसली, आणि स्वारासह ३६ मिलिमीटर. रस्त्यावरच्या स्पोर्ट गाडीस स्वारासह ३० ते ४० मिलिमीटर आणि एकटीस साधारण ५ ते १० मिलिमीटर बसणें ठीक मानतात. म्हणजे हें माप उत्तम. आरसी ३९० च्या मागच्या चाकाची एकूण चाल १५० मिलिमीटर आहे. तींतील सुमारें एक चतुर्थांश अशा रीतीनें आधींच खर्ची पडते. पण हा खर्च वायां जात नाहीं. रस्त्यांत खळगा आला म्हणजे चाकाला खालीं उतरून जमीन गांठतां यावी, यासाठींच ती राखून ठेवलेली शिल्लक असते. सॅग मुळींच नसेल, तर प्रत्येक खळग्यावर चाक हवेंत राहील.

येथें एक साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण जुन्या शॉकची खरी परीक्षा तींतच आहे. वरच्या दोन सॅगमधला फरक २७ मिलिमीटर आहे, आणि हा फरक कडी फिरवून बदलत नाहीं. कडीनें दोन्ही माप एकदमच वर किंवा खालीं जातात. त्यांतलें अंतर ठरतें तें केवळ स्प्रिंगच्या कडकपणावर आणि स्वाराच्या वजनावर. समजा, शॉक एक मिलिमीटर दबतो तेव्हां चाक अडीच मिलिमीटर हालतें. मग शॉकची १०० न्यूटनची स्प्रिंग चाकापाशीं अडीचाच्या वर्गानें, म्हणजे सव्वासहानें, भागली जाऊन १६ न्यूटनची होते. पंचाहत्तर किलोच्या स्वाराचा सुमारें ४५ किलो भार मागच्या चाकावर येतो असें धरलें, तर तो सुमारें ४४१ न्यूटन होतो. त्याला १६ नें भागलें कीं साडेसत्तावीस मिलिमीटर. टेपचें माप आणि गणिताचें उत्तर जुळलें.

आतां तोच शॉक पूर्वीं एखाद्या भारदस्त गृहस्थाचा होता आणि त्यानें त्यांत १२५ न्यूटनची स्प्रिंग घातली होती असें धरावें. चाकापाशीं ती २० न्यूटनची होते, आणि आपल्या पंचाहत्तर किलोच्या स्वाराखालीं फरक फक्त २२ मिलिमीटर पडतो. कडी सैल करून स्वारासह ३६ मिलिमीटर साधले, तरी गाडी एकटी १४ मिलिमीटर बसते. उलट पूर्वीचा मालक हलका असेल आणि स्प्रिंग ८० न्यूटनची असेल, तर फरक साडेचौतीस मिलिमीटर पडतो. स्वारासह ३६ साधण्यासाठीं कडी इतकी आवळावी लागते कीं गाडी एकटी असतां जेमतेम दीड मिलिमीटर बसते. थोडक्यांत नियम असा: स्वारासह माप बरोबर येऊनहि गाडी एकटी फार बसत असेल, तर स्प्रिंग कडक आहे, मुळींच बसत नसेल, तर स्प्रिंग नरम आहे. दोन्ही प्रसंगीं कडीशीं झटापट न करतां स्प्रिंगच बदलावी. स्प्रिंग हा शॉकचा बदलतां येणारा भाग आहे, आणि शॉकच्या मानानें त्याचा खर्च थोडा.

स्प्रिंग जुळली कीं मगच डँपरच्या खटक्यांकडे वळावें. सामान्यतः खालच्या डोळ्याजवळची गुंडी शॉक परत उघडतांनाची गति आवरते. तिला रिबाउंड म्हणतात. वायूच्या डबीवरची गुंडी दबतांनाची गति आवरते. तिला कॉम्प्रेशन म्हणतात. पूर्वीच्या मालकानें त्या कोठें ठेवल्या होत्या याला आतां महत्त्व नाहीं. प्रत्येक गुंडी घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें, जोर न लावतां, पूर्ण बंद करावी आणि मग खटके मोजीत शॉकच्या पुस्तकांत दिलेल्या अंकापर्यंत उघडावी. ही मोजणी नेहमीं बंद टोकापासून करण्याचा प्रघात आहे.

मग गाडी उभी असतांनाच मागची बैठक जोरानें दाबून सोडावी. ती एका संथ हालचालींत वर येऊन थांबली पाहिजे. वर येऊन पुन्हां खालीं डोलली, तर रिबाउंड कमी. मधाच्या बरणींतून वर यावें तशी आली, तर अधिक. अधिक रिबाउंडचा दोष फसवा असतो. एका खड्ड्यांतून शॉक पुरता उघडण्यापूर्वींच दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. प्रत्येक वेळीं तो थोडा थोडा आंत दबत जातो, आणि शेवटीं चाल शिल्लकच उरत नाहीं. स्वाराला वाटतें, शॉक कडक आहे. वास्तविक तो परत यावयास वेळ लावीत असतो.

रस्त्यावरची परीक्षा ओळखीच्या, मोकळ्या तुकड्यावर, दिवसाउजेडीं आणि कायद्याच्या वेगांतच घ्यावी. निघण्यापूर्वीं टायरांतील हवा थंड असतां तपासावी, कारण चुकीची हवा सगळे निष्कर्ष चुकविते. पहिले कांहीं किलोमीटर तेल गरम होण्यासाठीं सोडून द्यावेत. दांड्यावर एक बारीक केबल टाय बांधून ठेवली, तर फेरीअखेर ती जेथें सरकलेली असेल तेवढीच चाल वापरली गेली, हें डोळ्यांनीं दिसतें. लहान तीक्ष्ण खड्ड्यावर बैठक पाठीला लाथ मारीत असेल, तर कॉम्प्रेशन दोन खटके सैल करावें. वळणांतून गति घेतांना मागची बाजू फार दबून गाडी बाहेर ओढली जात असेल, तर सॅग पुन्हां तपासून कॉम्प्रेशन दोन खटके आवळावें. एका वेळीं एकच बदल, दोन खटक्यांचा, आणि त्याच रस्त्यावर पुन्हां एक फेरी. दोन बदल एकदम केले, तर सुधारणा कोणत्या बदलाची, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं.

या सर्वाला मर्यादाहि आहेत. मागें दुसरा माणूस बसला कीं मापें बदलतात. तेव्हां प्रीलोड वाढवावा लागतो आणि तो परत आल्यावर पूर्ववत् करावा लागतो. पुढचा फोर्क थकलेला असेल, तर मागचा उत्तम शॉक त्याचा दोष झांकूं शकत नाहीं. आणि कोणताहि शॉक ओल्या पानांवर, सांडलेल्या डिझेलवर किंवा अविचारावर उपाय नव्हे. पण माप घेऊन बसविलेल्या शॉकचा लाभ स्पष्ट जाणवतो. पावसाळ्यानंतर उखडलेल्या घाटांत वळणाच्या ऐन मध्यावर खड्डा आला, तरी चाक खालीं उतरून जमीन धरतें, गाडी आपली रेषा सोडीत नाहीं, आणि घरीं वाट पाहणारांची काळजी थोडी कमी होते.

शेवटचें काम वहीचें. स्वाराचें सामानासह वजन, स्प्रिंगचा अंक, दोन्ही सॅग, दोन्ही गुंड्यांचे खटके, टायरांतील हवा, तेल बदलल्याची तारीख आणि त्या दिवशींचा किलोमीटरचा आंकडा, एवढें एका पानावर मावतें. जुन्या शॉकबरोबर बहुधा असें पान येत नाहीं, आणि म्हणूनच नव्या मालकाला सर्व मापें मुळापासून घ्यावीं लागतात. तो शॉक पुढें आणखी कोणाच्या हातीं गेलाच, तर त्याच्या सोबत हें पान द्यावें. घेणाऱ्याचें वजन निराळें असेल, रस्ता निराळा असेल. पण मोजणी कोठून सुरू करावयाची, हें त्याला त्या पानावरून कळेल.